देवमाशाचा दात आणि तुमचं ‘राहू द्या’

भाऊजी,

तुमचा फोटो पेपरात आला. टोपी घातलेला, उन्हानं डोळे बारीक केलेला, मागे शेवंतीचा वाफा. खाली तुमच्या धाकट्या भावानं लिहून दिलेला मजकूर होता. त्यात ‘मनमिळाऊ’ असा शब्द होता. मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला, तरी तो तिथेच होता. तेरवीला जो येई तो ‘देवमाणूस गेला’ म्हणून बसत होता आणि मी मान हलवत होतो. अशा ठिकाणी कुणी खरं बोलत नाही.

तुम्ही देवमाणूस नव्हता. तुम्ही हट्टी होता, तोंडाचे फटकळ होता, आणि भरल्या पंगतीत माणसाचा पाणउतारा करायला मागेपुढे पाहत नव्हता. माझा तर हक्कानं करायचात, कारण मी साळा. मुलगी देणाऱ्या घरच्या माणसानं ऐकून घ्यायचं, हा तुमचा कायदा. आणि तरीही तुमच्यासारखा भरवशाचा माणूस मला या जन्मात दुसरा भेटला नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि पेपरात दोन्हीला जागा नव्हती.

तुम्ही कसे गेलात, कोण कोण आलं, खांदा कुणी दिला, हे मी लिहीत नाही. ते गावाला पाठ आहे. मला आपलं एक भांडण पुरं करायचं आहे. तुमच्या ओट्यावर, चहाच्या कपावर, मी बडनेऱ्याहून आलो की दर वेळी निघणारं. ‘रीत की राग?’ मी विचारायचो. ‘रीत,’ तुम्ही म्हणायचात. ‘राग,’ मी म्हणायचो. मग तुम्ही म्हणायचात, “तुले काय समजते रे साळेसाहेब? तू जिंदगीभर भोंग्यावर गाड्या लेट हायेत हेच सांगत बसला.” ते खरंच होतं. रेल्वेनं मला पगार दिला तो ‘झालेल्या गैरसोयीबद्दल’ दिलगिरी व्यक्त करण्याचा. रोज माफी मागायचो, कुणालाच उद्देशून नाही. म्हणून असेल, पण माफीच्या बाबतीत मला तुमच्यापेक्षा जरा जास्त कळतं असं मी धरून चालायचो.

फिजीला जायचं तुमच्या मनात नव्हतंच. तुमची रेणू अकोल्याला शेतीचं शिकली, कंदपिकांवर काम करणाऱ्या लोकांकडे नोकरी लागली आणि पार पॅसिफिक समुद्रातल्या त्या बेटावर गेली, इथपर्यंत तुम्ही छाती फुगवून सांगायचात. नकाशात ते बेट दिसत नाही, तर तुम्ही दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकाला बोटानं दाखवायचात, “हे पाय, माशी बसल्यावानी हाय नं, थे.” मग तिनं तिथल्याच एका गावातल्या मास्तराशी, सेमीशी, लग्न केलं आणि फोनवर कळवलं. त्या दिवसापासून तुमच्या घरात बेटाचं नाव निघेनासं झालं. साऱ्या अकोल्याच्या लग्नात तुमच्या वावरातला झेंडू आणि जठारपेठेतल्या तुमच्या दुकानातले हार. तुमच्या स्वतःच्या पोरीच्या लग्नात तुमचं एक फूल नाही. हे तुम्ही कधी बोलला नाहीत, मीच समजून घेतलं. रेणूचा फोन आला की तुम्ही तो न बोलता माझ्या ताईच्या हातात द्यायचात. अशा दोन दिवाळ्या गेल्या.

मग रेणूनं मला फोन केला, तुम्हाला नाही. म्हणाली, “मामा, इथं पोरीच्या घरी न इचारता लगन केलं तं पोराकडच्या लोकायले मान खाली घालून राहा लागते. पोरीच्या बापापुढं जाऊन थे पुरा लागते. पुरल्याबिगर त्याईले चैन नाही. सेमीचे मोठे काका थकले, त्याईले आपल्या बाळापूरले येववत नाही. बाबा येतीन काय?” तिथे त्या रीतीला पुरणं असंच म्हणतात. चूक मातीत पुरायची आणि वरून चालायला लागायचं.

मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही हार ओवत होता. सुई थांबली नाही. “चूक त्याईची, अन् तिकीट काढून जाव आपन? हे कोनतं शास्त्र हाय?” ही गोष्ट तुम्ही पंधरवडाभर प्रत्येकाला विचारलीत, आणि सगळ्यांनी तुमचंच बरोबर म्हटल्यावर पासपोर्टाचा फोटो काढायला गेलात. का गेलात, ते मला आजही नीट सांगता येत नाही. ताईच्या गुडघ्यांमुळे तिला येणं शक्य नव्हतं. तिनं मला बाजूला घेतलं. “सुधाकर, तू संग जाय. त्याईले एकट्याले धाडलं तं तोंड सोडतीन अन् पोरगी गमावून येतीन.” म्हणजे माझं काम ठरलेलं होतं. लग्नात मामा मुलीच्या मागे उभा राहतो. मला तिच्या बापाच्या मागे उभं राहायचं होतं.

प्रवासाचं काय सांगू, तुम्हीच होता. दोन विमानं बदलून उतरलो तेव्हा पाय सुजले होते आणि तुम्ही टोपीला इस्त्री कुठे मिळेल विचारत होता. विमानतळावर त्या बाईनं तुमची पिशवी उघडली. ओटीचा नारळ, हळकुंडं, सुपाऱ्या आणि फडक्यात बांधलेलं झेंडूचं बी. बाहेरचं काहीही पेरण्या-उगवण्याजोगं त्या देशात नेऊ देत नाहीत. तिनं हसून, नमस्कार करून सगळं डब्यात टाकलं. काचेबाहेर नजर जाईल तिथवर नारळीची झाडं. तुम्ही मला म्हणालात, “बाप्पा! इतल्ले नारळ चालतात, अन् माह्याच नारळानं काय घोडं मारलं?” मी ते इंग्रजीत सांगितलं नाही. रेणू बाहेर उभी होती. तिनं वाकून नमस्कार केला, तुम्ही पाय मागे घेतले नाहीत आणि हातही पुढे केला नाही. “वाळली लई,” एवढंच म्हणालात, तेही माझ्याकडे पाहून.

गावाला नेणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर हरिलाल, रेणूच्या ऑफिसातला. त्याचे खापरपणजोबा इंग्रजांनी हिंदुस्थानातून ऊस तोडायला नेले होते, तेव्हापासून ते लोक तिथलेच. त्याची हिंदी ऐकून तुम्ही खूश झालात, कारण ती तुमच्या हिंदीइतकीच वाकडी होती. रस्ताभर ऊस, मग डोंगर, मग समुद्र. गाव एवढंसं. पत्र्याची घरं, मधोमध कापल्यासारखी हिरवळ, एक चर्च, आणि घरांच्या मागे अळूची पानं. तुम्ही गाडीतूनच म्हणालात, “हे तं अळू हाय. एवढं मोठं करून का हत्तीले घालतात?”

वेशीपाशी रेणूनं हळूच सांगितलं की गावात कुणी डोक्यावर काही घालून चालत नाही, तो तिथल्या मोठ्या माणसांचा अपमान. मला वाटलं झालं, इथूनच परतायचं. व्याह्यापुढे बोडख्या डोक्यानं जाणारा माणूस आपल्याकडे कोण? तुम्ही थोडा वेळ समुद्राकडे पाहिलंत, टोपी काढलीत, घडी घातलीत आणि खिशात ठेवलीत. मी तुम्हाला तसं पहिल्यांदा पाहिलं. कपाळाचा वरचा भाग गोरा होता. मला उगाच तुमची माया आली, आणि हे मी आता लिहितो आहे कारण तेव्हा बोललो असतो तर तुम्ही माझी टिंगल केली असती.

बायांनी तुमच्या गळ्यात पानाफुलांचा हार घातला. कुणाच्याही गळ्यात हार पडला की माणूस वाकतो, हसतो. तुम्ही तो उलटा करून गाठी पाहिल्यात. “दोरा नाही, साल वापरून राह्यले,” म्हणालात. तिथल्या लोकांना वाटलं पाहुणा हाराची स्तुती करतो आहे. स्तुतीच होती म्हणा.

मग तो मोठा हॉल. खाली चटया. आपण दोघं एका बाजूला, समोर सेमीचं सगळं घराणं, मागे बाया, आणि त्या बायांत रेणू. ती आता त्यांच्याकडची. तिनं त्या वेळी बोलायचं नाही, असं ठरलेलं. हरिलाल आपल्या बाजूला दुभाष्या. पाहुण्यांनी रिकाम्या हातानं यायचं नसतं म्हणून वाटेत बाजारातून घेतलेली वाळक्या मुळांची जुडी आधी दिली. तीच मुळं कुटून, पाण्यात कालवून नारळाच्या करवंटीतून पाजतात. “दारू हाय काय?” तुम्ही विचारलंत. नाही म्हटल्यावर एका दमात प्यालात. माझी जीभ जड झाली, तुमची झाली नाही. दुर्दैवानं.

आणि मग सेमीचे मोठे काका पुढे आले. पांढऱ्या केसांचा, खांबासारखा माणूस. आणि तो गुडघ्यांवर सरकत आला. दोन्ही हातांत देवमाशाचा दात, हळदीच्या रंगाचा, काथ्याच्या जाड दोरीत ओवलेला. त्या लोकांत याहून मोठी वस्तू नाही. तो बोलायला लागला, आणि खूप वेळ बोलला. हरिलाल तुमच्या कानात सांगत होता, “बाबूजी, ई बोले है कि हम लोग गलती करा. लड़की के घर जाय के पूछा नहीं. आप के मुंह छोटा करा. आज ई दाँत ले के माफी माँगे है.” काकानं हात पुढे केले.

आणि तुम्ही दोन्ही तळवे पुढे करून तो दात हळूच मागे सारलात. “नाही नाही, राहू द्या. राहू द्या. कायले एवढं!”

मला त्यात काही वावगं दिसलं नाही. कसं दिसेल? आपल्याकडे आहेर असा लगेच कोण घेतो? व्याही टॉवेल-टोपी पुढे करतो, आपण म्हणतो राहू द्या, तो म्हणतो घ्याच, आपण म्हणतो कशाला, तो हात धरून, ओढाताण करून, शेवटी खांद्यावर टाकतो. पहिल्यांदा घेतो तो हावरट. हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. आईच्या मांडीवर बसून लग्नं पाहत आलो, त्यात आलं. मी तर मनात म्हटलं, शाब्बास, भाऊजी आज माणसांत आहेत.

काका तसाच गुडघ्यांवर राहिला, मग त्यानं दात छातीशी घेतला आणि मागे सरकला. एका बाईनं तोंडाला हात लावला. सेमीनं मान खाली घातली, ती वर केली नाही. आणि रेणू माझ्याकडे पाहत होती. तुमच्याकडे नाही, माझ्याकडे. तुम्ही मात्र हात अर्धवट वर ठेवून बसला होता. वाट पाहत. लोक एकेक करून उठायला लागले तेव्हा तुम्ही मला कोपरानं ढोसलंत. “अबे, दुसऱ्यांदा कावून नाही देऊन राह्यले?”

भाऊजी, त्या वाक्यावर मी आजवर किती वेळा हसलो आहे. पण त्या क्षणी नाही हसलो.

हरिलालही गोंधळला होता. “बाबूजी ना बोल दिया,” तो म्हणाला, “तो ऊ लोग कैसे जबरदस्ती करे?” तिथे माफी एकदा मागतात. समोरच्यानं नाही म्हटलं म्हणजे नाही. त्याच्या नाहीचा मान राखून उठून जातात. हात धरून माफ करायला लावणं त्यांच्या लेखी असभ्यपणा. म्हणजे आपल्या लेखी जी माणुसकी, ती तिथे जबरदस्ती. आणि आपल्या लेखी जो कोरडेपणा, ती त्यांची अदब. यात कुणाची चूक म्हणायची? मी रेल्वेत होतो; दोन्ही गाड्या वेळेवर असूनही माणसाची पुढची गाडी चुकते, हे मी पाहिलेलं आहे.

मी हरिलालला घेऊन काकाकडे गेलो आणि आपली रीत समजावून सांगितली. त्यानं मन लावून ऐकलं. मग त्यानं एक प्रश्न विचारला आणि हरिलालनं तो तोंड गंभीर ठेवून मला सांगितला, “पूछे है, आप लोग कितना बार ना बोले है?” मी म्हटलं, दोनदा. कधी तीनदा. माणसावर आहे. काका विचारात पडला. म्हणाला, उद्या आम्ही पुन्हा येऊ. तीनदा नाही म्हणाले तर तीनदा येऊ. पण आमच्या घराण्यात दात दोनच आहेत, तिसरा मागून आणावा लागेल. हे तो थट्टेनं बोलत नव्हता. त्याच्या घरातल्या पोरीसारखी झालेली रेणू दाराशी उभी राहून हे ऐकत होती.

संध्याकाळी आपण दोघं समुद्रावर बसलो. खेकडे पळत होते. मी तुम्हाला सगळं सांगितलं आणि मला वाटलं तुम्ही कपाळाला हात लावाल, हसाल. तुम्ही हसला नाहीत. वाळूत काडीनं वाफे पाडत राहिलात. मग मला शंका आली. मी विचारलं, “भाऊजी, हात रीतीनं गेला की रागानं?”

तुम्ही म्हणालात, “हात गेला.”

“म्हणजे?”

“म्हंजे गेला. आता हाताले का इचारत बसू?”

मी सोडलं नाही. म्हटलं, तुम्ही दोन दिवाळ्या पोरीशी बोलला नाहीत, आणि आज म्हणता रीत होती? तुम्ही काडी फेकलीत. “रीत होती. अन् हे मले पुन्यांदा इचारजो नको.” त्यावर मी तुम्हाला त्या दिवसापासून तुम्ही जाईपर्यंत सतत तेच विचारत आलो. पण तेव्हा तुम्ही उत्तर द्यायला जेवढा वेळ घेतलात, तेवढा वेळ रीतीला लागत नाही, असं माझं मत पडलं. ते आजही आहे.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच हॉल, त्याच चटया. काका या वेळी दोन दात घेऊन आला. पुन्हा गुडघ्यांवर. पुन्हा ते लांब बोलणं, आवाज काल होता त्याहून खाली. मी तुमच्या मागे बसलो होतो. त्यानं हात पुढे केले आणि तुमचे तळवे वर आले. खरं सांगतो, मी तुमच्या सदऱ्याचा मागचा घोळ मुठीत धरला. ताईनं मला याचसाठी पाठवलं होतं.

पण तुम्ही दाताला हात लावलाच नाहीत. काकाच्या कोपरांना धरलंत आणि म्हणालात, “उठा, व्याहीबुवा. पहिले उठा. म्हातारं मानूस गुडघ्यावर चांगलं दिसत नाही.” तो उठेना, तुम्ही सोडेनात. शेवटी उठला. मग तुम्ही दोन्ही दात घेतलेत, मला दिलेत आणि व्याहीभेट घेतलीत, आपल्याकडे मांडवाच्या दारात घेतात तशी. कमरेला मिठी घालून व्याह्याला जमिनीवरून उचलायला गेलात. तो तुमच्या दुप्पट होता. उचलला गेला नाहीच, उलट त्यानंच तुम्हाला पोरासारखं वर घेतलं. सगळा हॉल हसला, बाया रडत रडत हसल्या, आणि तुम्ही वरून ओरडत होता, “अबे सोड, सोड, कंबर गेली!” हे हरिलालनं त्यांना सांगितलं नाही. मीही हसलो आणि रडलोही. एकदाच सांगतो आहे.

मग रेणू पुढे आली. तुमच्या पायाशी बसली. इथे मला थांबावंसं वाटतं. सगळं गाव पाहत होतं. व्याह्याला मिठी मारणारा बाप पोरीला काय म्हणतो, हे ऐकायला हरिलालसुद्धा पुढे झुकला. तुम्ही म्हणालात, “घामाघूम झाली. पानी पे.”

त्यानंतर राहिलो तेवढे दिवस तुम्ही सकाळीच सेमीबरोबर अळूच्या वावरात जायचात. तुम्हाला त्याची भाषा येत नव्हती, त्याला तुमची. तरी भांडण ऐकू यायचं. दोन रोपांत अंतर जास्त, पाण्याला उतार नाही, तण वाढलं. तो हसायचा, तुम्ही चिडायचात, मग स्वतःच वाकून तण उपटायचात. तुम्ही परक्याच्या वावरात कधी चूक काढत नाही, हे मला माहीत आहे. आपलं मानलं की मगच तुमचं तोंड सुटतं. माझ्याइतका याचा अनुभव कुणाला? मी रेणूला तेव्हाच हे सांगणार होतो. पण तिला ते माझ्या तोंडून नको असेल, असं वाटलं.

निघताना तुम्ही दोन्ही दात काकाच्या हातात परत ठेवलेत. “ज्या देशात नारळ येऊ देत नाही, तो दात काय जाऊ देईन?” म्हणालात. कायदाही तसाच होता, हरिलालनंही सांगितलं. काका समजला. मात्र रेणू त्या परत जाणाऱ्या दातांकडे पाहत राहिली.

घरी आल्यावर तुम्ही तिच्याशी फोनवर बोलायला लागलात. पाऊस किती, अळूला भाव काय, काकाचे गुडघे कसे आहेत. ताईला एवढंही पुष्कळ होतं. ती मला म्हणाली, “पोरगी आणली रे तू वापस.” मी काही आणलं नव्हतं. मी सदरा धरला होता.

आता परवाचं. रेणू आणि सेमी तेरवीच्या आधी पोचले. सेमीला आपल्याकडचं ऊन सोसत नाही, तरी तो मांडवात सगळ्या म्हाताऱ्यांच्या रांगेत मांडी घालून बसला. दुखवट्याचे कपडे दिले तेव्हा जावयाला टॉवेल-टोपी पुढे केली. त्यानं लगेच दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि टोपी घातलीसुद्धा. मागे कुणीतरी कुजबुजलं, “जवाई लई घाईचा दिसते बावा.” तुम्ही असता तर बोलणाऱ्याला तिथल्या तिथे सोलून काढलं असतंत. तुमची तिथे मला पहिल्यांदा खरी उणीव भासली. मला तुमच्यासारखं बोलता येत नाही. मी त्या माणसाकडे नुसतं पाहिलं.

पंगती उठल्यावर रेणू मागच्या अंगणात आली. तोडायला आलेला झेंडू तसाच उभा होता, कुणाच्या लक्षात नव्हतं. ती उकिडवी बसून सुकलेली फुलं खुडायला लागली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, “मामा, खरं सांगा. त्या दिवशी बाबानं दात मागं सारला, थे रीत होती का राग होता?”

हाच प्रश्न. मी तुम्हाला ओट्यावर बसून इतकी वर्षं विचारला, आणि माझं उत्तर मला पाठ होतं. माझ्याकडे पुरावे होते. वाळूतली काडी होती, तुम्ही घेतलेला वेळ होता, ‘पानी पे’ होतं.

मी म्हटलं, “रीत होती, बाई. मी बाजूलेच होतो. दुसऱ्यांदा कावून देत नाही म्हून मलेच ढोसून इचारत होते.”

आयुष्यात पहिल्यांदा मी तुमच्या बाजूनं बोललो, भाऊजी. आणि बोलताना लक्षात आलं की यातलं एक अक्षर खोटं नाही. तुम्ही हात वर ठेवून बसला होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. राग असलेला माणूस वाट पाहत बसत नाही. कदाचित राग असलेलाच बसतो. मला आता ठरवता येत नाही, आणि भांडायला तुम्ही नाही.

मला वाटलं होतं तिला बरं वाटेल. तिच्या हातातली फुलं तशीच राहिली. मग ती म्हणाली, “लगन झालं त्या दिवशी फोनवर मी म्हटलं होतं, बाबा, मले माफ करा. त्याईनं म्हटलं, ‘राहू दे.’ मी फोन ठेवून देला.” आणि थोड्या वेळानं, “मी बी एकदाच इचारलं, मामा.”

मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो. गैरसोयीबद्दल दिलगीर असणारा माणूस मी; तिच्या हातातली सुकलेली फुलं तेवढी माझ्या हातात घेतली. आतून ताई कुणाला तरी चहा विचारत होती.

तुम्हाला हे कळायला पाहिजे म्हणून लिहितो आहे. तिच्या मनात आता कायम हेच राहणार, की आपण आणखी एकदा म्हटलं असतं तर. दोन दिवाळ्या तुम्ही इथे हात अर्धवट वर ठेवून बसला होता की काय, आणि ती तिकडे तुमच्या नाहीचा मान राखून गप्प होती की काय, हे तिला कोण सांगेल? मी सांगू शकत नाही. मला तुमच्या मनातलं कधीच कळलं नाही, तुम्ही म्हणायचात ते बरोबर. तुमच्यामागे मी भिंतीसारखा उभा राहिलो आणि तुम्ही माझ्यामागे, ताईच्या काळजीनं मला कधी धावत यावं लागलं नाही, एवढं तुम्ही तिला नीट सांभाळलंत. त्याबद्दल कधी आभार मानले नाहीत, आज मानतो. पण भांडण मी सोडत नाही.

रीत होती, मान्य. जिंकलात तुम्ही. व्याह्याला दोनदा नाही म्हणा, साळ्याला दहादा म्हणा, आम्ही पुन्हा येऊ, हात धरू, ओढाताण करू. पण ती तुमची लेक होती, भाऊजी. एकदा म्हणाली होती. लेकीशी कसली रीत?